कडेवरचं मूल आणि परदेशातलं शहर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूर किंवा दुबईला निघणाऱ्या सोलापूरकर कुटुंबांची बरीच पत्रं या वेळी आली आहेत. जवळपास प्रत्येक घरात सहा वर्षांखालचं एखादं मूल आहे. "काय काय बघावं" हे सगळ्यांनीच विचारलंय, पण त्याकडे आम्ही नंतर वळतो. लहान मुलांची सहल तिथं पोचल्यावर क्वचितच बिघडते. ती बिघडते त्याआधी, म्हणजे कागदपत्रांत, सोलापूर ते विमानतळ या टप्प्यात आणि बॅग भरताना. म्हणून त्याच क्रमानं उत्तरं देत आहोत.

मुलाचा जन्म नोव्हेंबर २०२३ चा आहे. जन्मदाखल्यावर त्याचं नाव नाही, फक्त आई-वडिलांची आहेत. आधार कार्डावर नाव आहे. आधारावर पासपोर्ट निघेल का?
*(शेळगी)*

नाही. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. नियमात हा बदल २०२५ मध्ये झाला. त्यामुळे आधी महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात जाऊन दाखल्यावर नाव घालून घ्या. जन्मानंतर पहिल्या वर्षात ही नोंद विनाशुल्क होते, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून करता येते. नाव लिहून देताना इंग्रजी स्पेलिंग स्वतः कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. वडिलांच्या पासपोर्टवर आडनावाचं जे स्पेलिंग आहे तेच दाखल्यावर यायला हवं. एका अक्षराचा फरक पडला तरी पुढे व्हिसाच्या अर्जात 'हे मूल यांचंच का' हा प्रश्न उभा राहतो.

अर्ज भरताना आपल्याकडे नेहमी होणारा घोटाळा आडनावाच्या चौकटीचा. मुलाचं नाव आणि वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये घाला, आडनाव 'सरनेम'मध्ये. ती चौकट रिकामी सोडू नका. पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असेल तर संयुक्त अरब अमिरातीच्या व्हिसाला अडचण येते.

अर्जासोबत 'अ‍ॅनेक्शर डी' हे घोषणापत्र लागतं, त्यावर आई-वडील दोघांच्या सह्या हव्यात. मूल चार वर्षांखालचं असल्यानं त्याचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा ४.५ बाय ३.५ सेंटिमीटरचा छापील फोटो घरूनच न्यायचा. फोटोसाठी मुलाला पलंगावर पांढऱ्या चादरीवर उताणं झोपवून वरून काढला की मान सरळ राहते आणि धरणाऱ्याचा हात फोटोत येत नाही. फी १,००० रुपये आहे, आठ वर्षांखालच्या मुलांना त्यात दहा टक्के सूट मिळते. आई-वडिलांचे पासपोर्ट चालू असतील तर सहसा पोलीस पडताळणी लागत नाही, म्हणून आधी स्वतःचे पासपोर्ट तपासा. सोलापूर पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतं.

मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. मोठ्या भावंडाचा बाळपणी काढलेला असेल तर मुदत आत्ताच बघा. बहुतेक देशांना प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने मुदत शिल्लक लागते, आणि घरात हे शेवटच्या पंधरवड्यात लक्षात येतं.

आम्ही दोघं, पाच वर्षांचा मुलगा आणि सहलीतच दोन वर्षांची होणारी मुलगी, असे सिंगापूरला चाललो आहोत. विमान मुंबईहून घ्यावं की हैदराबादहून? सोलापूरहून मुंबईला विमानानं गेलं तर सोपं पडेल का?
*(जुळे सोलापूर)*

आधी तिकिटाचं बघू. दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर बसवून 'इन्फंट' तिकिटावर नेता येतं, पण वय प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी मोजतात. मुलगी जाताना एक वर्ष अकरा महिन्यांची आणि येताना दोन पूर्ण असेल, तर परतीला तिचं स्वतंत्र सीट आणि 'चाइल्ड' तिकीट लागणारच. दोन्ही बाजूंचं तिकीट इन्फंट म्हणून काढून गेलेल्यांना परतीच्या काउंटरवर त्या दिवसाच्या भावानं सीट विकत घ्यावं लागतं, आणि विमान भरलेलं असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. तुमच्या बाबतीत आमचा आग्रह आहे की जातानाही तिला सीट घ्या. रात्रीचा साडेपाच तासांचा प्रवास, आणि बारा किलोचं मूल मांडीवर. बॅसिनेट, म्हणजे विमानात बाळाला झोपवायची छोटी खाट, मागण्यात अर्थ नाही, कारण ती साधारण दहा-अकरा किलोपर्यंतच्या बाळांसाठी असते आणि लहान विमानांत बहुधा नसतेच.

आता विमानतळ. सोलापूरहून हैदराबादचा रस्ता सुमारे ३०० किलोमीटर, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद असा. मुतंगीजवळ आउटर रिंग रोडला लागलं की शहरात न शिरता थेट शमशाबाद विमानतळ गाठता येतो. मुलांसाठी दोन थांबे धरले तर साडेसहा-सात तास लागतात. मुंबई रस्त्यानं ४०० किलोमीटर आहे आणि शेवटचे साठ किलोमीटर किती वेळ घेतील ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून स्वतःची गाडी किंवा ठरवलेली गाडी असेल तर हैदराबाद. रेल्वेनं जायचं असेल तर मुंबई.

रेल्वेत दोन पर्याय चांगले. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्रीची आहे, मुलं झोपेत पोचतात, पण पोचाल सकाळी आणि सिंगापूरची बरीच विमानं रात्री उशिराची, म्हणजे दिवसभर मुंबईत. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि साडेबाराच्या सुमारास मुंबईत पोचते. दादरला उतरा, सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, विमानतळ तिथून जवळ. ही गाडी आठवड्यातून एक दिवस नसते, तो दिवस विमानाचं तिकीट काढायच्या आधी बघा. रेल्वेत पाच वर्षांखाली तिकीट लागत नाही, पण मग सीटही मिळत नाही. तुमचा मुलगा पाच वर्षांचा, त्याचं तिकीट लागेलच. पण साडेसहा तास खुर्चीवर मुलीला मांडीवर घेऊन पोचलात की विमानात बसायच्या आधीच तुम्ही दमलेले असाल. तिचंही सीट घ्या. दुपारी विमानतळाजवळ चार-पाच तासांसाठी खोली घेतली तर मुलांची अंघोळ, वरणभात आणि झोप होते. सगळ्या सहलीत सर्वांत सार्थकी लागणारा खर्च हा.

सोलापूर-मुंबई विमानाबद्दल: ते आणि सिंगापूरचं विमान एकाच तिकिटावर असेल तर ठीक. वेगवेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान उशिरा आलं किंवा रद्द झालं तर दुसऱ्या कंपनीची काहीच जबाबदारी राहत नाही. तसं जायचंच असेल तर आदल्या दिवशी जा. आणि मुंबईचं तिकीट काढताना विमान जुन्या मुंबई विमानतळाचं आहे की नवी मुंबईचं, हे नीट वाचून घ्या.

सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटमार्फत काढतात, बाळाचाही वेगळा. शिवाय पोचण्याआधीच्या तीन दिवसांत 'एसजी अरायव्हल कार्ड' ऑनलाइन भरायचं, प्रत्येक मुलाचं एक. ते मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात.

सासूबाईंनी डिंकाचे लाडू, करंज्या, अनारसे, शेंगा चटणी, कडक भाकरी आणि वर्षाचा काळा मसाला थोडा बांधून द्यायचं ठरवलंय. मुलं बाहेरचं खात नाहीत. काय न्यावं, काय नको?
*(बाळीवेस)*

सासूबाईंना आधी एवढंच विचारा: कशाकशात खसखस आहे? संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत धरतात, आणि सिंगापूरमध्येही ती प्रतिबंधित आहे, कारण तिच्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो. आपल्याकडे ती फोडणीच्या डब्यातली साधी वस्तू. पण अनारशाला ती वरून लावलेली असते, डिंकाच्या लाडवात भाजून घातलेली असते, करंजीच्या सारणात असते आणि काळ्या किंवा गोड्या मसाल्यात कुटलेली असते. लाडू फोडून बघितला तर पांढरट बारीक दाणे डिंकाच्या फुलाला चिकटलेले दिसतात. मसाल्यात तर दिसतही नाही. म्हणून 'थोडीशीच आहे' हा विचार करू नका. अनारसे घरीच खा, लाडू आणि करंज्या हव्या असतील तर खसखस न घालता वेगळ्या करून घ्या, आणि काळा मसाला अजिबात नेऊ नका. एका आठवड्यासाठी हळद, जिरं, हिंग पुरे.

सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटी चेक-इन बॅगेत चालत नाही, तिच्यातल्या तेलामुळे ती ज्वलनशील धरतात. तिखट, चटणी, लोणचं चेक-इनमध्ये ठेवा, हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीला अडकतं. सिंगापूरसाठी मुलांच्या खाऊच्या पिशवीतून च्युइंगम काढून टाका, तिथं १९९२ पासून आणायला बंदी आहे.

कडक भाकरी मात्र जरूर घ्या. पापडासारखी वाळलेली असल्यानं ती आठवडाभर सहज टिकते, आणि वरण किंवा दुधात कुस्करली की दोन वर्षांचं मूलही खातं. कोरडी तुकड्यांत देऊ नका, टोकदार तुकडा घशात अडकतो. शेंगा चटणी बारीक कुटलेली घ्या. अख्खे शेंगदाणे चार-पाच वर्षांखालच्या मुलांना चालत्या गाडीत किंवा विमानात नकोतच.

हॉटेलच्या खोलीत बहुधा केटल असते. तिच्यात दूध तापवू नका, नूडल्स शिजवू नका. तळाला करपतं, केटल बिघडते आणि भरपाई द्यावी लागते. केटलमध्ये फक्त पाणी उकळायचं आणि बाकीचं रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये करायचं. घरी रवा खमंग भाजून, त्यात फोडणी, मीठ, साखर घालून गार झाल्यावर पिशव्यांत भरा. अर्धी वाटी रव्याला सव्वा वाटी उकळतं पाणी, ढवळून आठ मिनिटं झाकण, उपमा तयार. रवा कच्चट भाजला असेल तर मात्र चिकट गोळा होतो. सातूचं पीठ भाजलेल्या धान्याचं असल्यानं गरम पाण्यात किंवा दुधात नुसतं कालवून चालतं. नाचणीच्या सत्त्वाचं तसं नाही, ते गरम पाण्यात शिजत नाही आणि कच्चं पोटात गेलं की मूल रात्रभर कुरकुरतं. मेतकूट घ्या, भात कुठंही मिळतो. सिंगापुरात लिटल इंडिया भागात सेरंगून रोडवर शाकाहारी दाक्षिणात्य खानावळी आहेत, कोमला विलास तर १९४७ पासून चालू आहे. दहीभात, इडली मिळते म्हटल्यावर रोजचं एक जेवण तिकडे ठेवता येतं.

द्रव पदार्थांचा १०० मिलिलिटरचा नियम बाळाच्या प्रवासापुरत्या दुधाला आणि अन्नाला लावत नाहीत. ते वेगळ्या पारदर्शक पिशवीत ठेवा आणि तपासणीला स्वतःहून पुढे करा.

विमानात मुलांचे कान दुखतात म्हणतात. झोपेचं औषध द्यावं का? आणि सोबत कोणती औषधं ठेवावीत?
*(विजापूर रोड)*

झोपेसाठी औषध देऊ नका. सर्दीचं ज्या औषधानं गुंगी येते तेच काही मुलांना उलट चेकाळवतं, आणि विमानात श्वासाचा काही त्रास झाला तर हाताशी फारसं काही नसतं.

कान दुखतो तो मुख्यतः विमान उतरताना. बाहेरचा दाब वाढत जातो आणि कानाला घशाशी जोडणारी बारीक नळी मुलांत अरुंद असल्यानं आतला दाब वेळेत जुळत नाही. गिळण्याच्या क्रियेनं ती नळी उघडते. म्हणून चाकं टेकण्याच्या अर्धा तास आधीच, विमान खाली येऊ लागल्याचं जाणवलं की, पाजायला किंवा घोट-घोट पाणी द्यायला सुरुवात करा. मूल झोपलं असेल तर त्या वेळी उठवा, झोपेत गिळणं कमी होतं. दूध आधीच संपवून ठेवू नका, हीच चूक जास्त होते. सर्दी भरलेली असेल किंवा कान वाहत असेल तर निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी कान डॉक्टरांकडून तपासून घ्या.

पॅरासिटामॉलबद्दल जरा सविस्तर. तापाच्या पातळ औषधाच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात: ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. एका वेळचा डोस साधारण किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत असतो. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम म्हणजे पहिल्या बाटलीतून साडेसात मिलिलिटर, दुसरीतून ३.६. आता घाईत दुसरी बाटली आणली आणि सवयीनं साडेसात दिलं, तर डोस दुपटीवर जातो. परदेशातल्या दुकानात मिळणारी बाटली तिसऱ्याच ताकदीची असू शकते. म्हणून नेहमीची बाटली न्या, सोबतचं मापाचं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज न्या, आणि बालरोगतज्ज्ञांकडून मुलाच्या आजच्या वजनाप्रमाणे डोस मिलिलिटर आणि मिलिग्रॅम दोन्हींत लिहून घ्या. दोन डोसांत किमान चार ते सहा तास, चोवीस तासांत जास्तीत जास्त चार वेळा. दिलेली वेळ फोनवर टिपा, कारण आईनं दिलं हे बाबांना माहीत नसतं.

ओआरएसची पाकिटं बघून घ्या, एक लिटरची वेगळी आणि २०० मिलिलिटरची वेगळी. लिटरचं पाकीट पेल्यात कालवलं तर मीठ पाचपट होतं आणि ते धोक्याचं आहे. सहलीला लहान पाकिटं सोयीची. दोन वर्षांखाली प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यापुढे १०० ते २००, चमच्यानं हळूहळू. कालवलेलं २४ तासांनंतर टाकून द्या. दुकानातली तयार गोड पेयं ओआरएस म्हणून घेऊ नका, त्यांच्या नावात हा शब्द वापरायला २०२५ मध्ये भारतात मनाई झाली ती याचसाठी.

औषधं मूळ पाकिटात, औषधाचं मूळ नाव असलेल्या इंग्रजी चिठ्ठीसह ठेवा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉल हे वेदनाशामक यांवर अमिरातीत कडक नियंत्रण आहे, आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांच्याही डब्यात डोकवा. प्रवास विम्यात मुलांचं परदेशात सहसा जे होतं, म्हणजे ताप, उलट्या, दवाखान्याची एक भेट, ते येतं का पाहा. पुष्कळ पॉलिसींत पहिली ठरावीक रक्कम आपणच भरायची असते, मग असा छोटा खर्च विम्यात बसतच नाही.

लसी वेळेवर झाल्या असतील तर वेगळं फार लागत नाही. फ्लूची लस मात्र निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी, आणि पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतरानं दोनदा लागते, म्हणजे विचारपूस आत्ताच करा.

सिंगापुरात पाच दिवस आहेत. एजंटनं रोज तीन ठिकाणं घातली आहेत. दोन आणि पाच वर्षांच्या मुलांना झेपेल का? प्रॅम न्यावी का?
*(होटगी रोड)*

झेपणार नाही. रोज एक ठिकाण आणि संध्याकाळी एक छोटी गोष्ट, एवढंच धरा. एजंटला यादी बदलायला सांगताना संकोचू नका, पैसे तुमचे आहेत.

घड्याळ तुमच्या बाजूनं आहे. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. घरी रात्री नऊला झोपणारं मूल तिथं साडेअकराला झोपेल आणि सकाळी साडेनऊपर्यंत उठणार नाही. पाच दिवसांसाठी ते मोडायच्या भानगडीत पडू नका, संध्याकाळी वापरून घ्या. गार्डन्स बाय द बेमधला दिव्यांचा आणि संगीताचा खेळ ७:४५ आणि ८:४५ ला असतो, मोफत असतो, आणि तेव्हा मुलांच्या पोटातल्या घड्याळात सव्वापाच-सव्वासहाच वाजलेले असतात. प्राणिसंग्रहालय साडेआठला उघडतं, ते चौथ्या-पाचव्या दिवशी ठेवा, तोवर शरीर थोडं सरकलेलं असतं. दुपारी एक ते चार खोलीत. नोव्हेंबरात तिथं दुपारनंतर पाऊस येतोच, त्यामुळे काही हुकत नाही. युनिव्हर्सल स्टुडिओला चार वर्षांखाली तिकीट नाही हे खरं, पण बऱ्याच राइडना उंचीची अट असते. तुमच्या मुलांच्या वयाला पूर्ण दिवसाचे पैसे वसूल होत नाहीत. त्याऐवजी बोटॅनिक गार्डन आणि विमानतळालगतचं ज्युएल, जिथं इमारतीच्या आत ४० मीटरचा धबधबा कोसळतो, ही दोन ठिकाणं मुलांना कितीतरी जास्त आवडतात.

रात्रीच्या विमानानं सकाळी पोचणार असाल तर खोली दुपारी दोन-तीनला मिळते. आदल्या रात्रीचं भाडं भरून खोली तयार ठेवणं किंवा दुपारी पोचणारं विमान घेणं, यापैकी एक कराच. आरक्षणात दोन्ही मुलांची वयं घाला. 'दोन मोठे' असं आरक्षण करून चौघं पोचलात तर खोली नाकारू शकतात. बाळाचा कॉट आधी लिहून मागा, आणि स्टेशनच्या लिफ्टपासून चालत पाच मिनिटांतलं हॉटेल शोधा.

प्रॅम न्या, पण घडी होणारी, सहा-सात किलोची. पाच वर्षांचं मूलही दिवसाअखेर तीत बसतं. विमानाच्या दारापर्यंत ती वापरता येते, तिथं टॅग लावून घेतात. परत मिळताना कधी दाराशी, कधी थेट सामानाच्या पट्ट्यावर मिळते, म्हणून मधल्या चालण्यासाठी बाळ बांधायची झोळी हवी. सिंगापूरच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत आणि बसमध्ये उघडी प्रॅम चालते. मेट्रोत ०.९ मीटरपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही, त्याहून उंच पण सात वर्षांखालच्यांना सवलतीचं कार्ड काढावं लागतं. खाणंपिणं पूर्ण बंद, पाणीसुद्धा, दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत, तेव्हा स्टेशनात शिरायच्या आधीच पाणी पाजा. टॅक्सीला कार सीटमधून, म्हणजे मुलांसाठी गाडीत बसवायच्या वेगळ्या खुर्चीतून, सूट आहे, पण अ‍ॅपवरच्या खासगी गाड्यांना नाही. १.३५ मीटरखालच्या मुलासाठी त्यांत सीट हवंच, म्हणून साधी टॅक्सी बरी.

डायपर घराच्या दारापासून हॉटेलपर्यंत दर दोन तासांना एक आणि वर चार, एवढेच. पुढचे तिथल्या फेअरप्राइस दुकानांत मिळतात. सोलापूरकरांना टॉवेलबद्दल सांगायला नको, पण आपला जाड टेरी टॉवेल त्या दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. पातळ पंचे घ्या.

मे महिन्यात दुबई स्वस्त मिळतेय. जावं का?
*(सैफुल)*

लहान मुलांना घेऊन नको. मे महिन्यात सोलापूरही तापतं, पण दुबईत उन्हाळ्याला समुद्राचा दमटपणा जोडलेला असतो, घाम वाळत नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा खरा काळ.

दुबई दीड तास मागे, म्हणजे सिंगापूरच्या उलट. मुलं पहाटे साडेपाचला उठतील आणि संध्याकाळी साडेसातला पेंगतील. सकाळ बाहेर घालवा, रात्रीचे कार्यक्रम सोडा. मेट्रोत पाच वर्षांखाली किंवा ९० सेंटिमीटरपर्यंत मोफत, महिला-मुलांचा वेगळा डबा असतो, खाण्यापिण्याला १०० दिरहॅम दंड. बुर्ज खलिफा-दुबई मॉल स्टेशनपासून मॉलपर्यंतची बंद वाट जवळजवळ ८०० मीटर आहे आणि पुढे मॉल स्वतःच अवाढव्य, त्यामुळे इथंही प्रॅम हवी. चार वर्षांखालच्या मुलाला गाडीत कार सीट बंधनकारक आहे, आणि दहा वर्षं व १४५ सेंटिमीटर पूर्ण नसलेल्याला पुढे बसवता येत नाही. अ‍ॅपवर कार सीट असलेली गाडी मागवता येते.

यजमानांना रजा नाही. मी आणि माझी आई मुलाला नेणार आहोत. वडिलांची परवानगी लागते का?
*(अशोक चौक)*

काही देशांच्या व्हिसासाठी लागतेच, इतर ठिकाणी काउंटरवर विचारतात, म्हणून जवळ ठेवा. स्टॅम्प पेपरवर, इंग्रजीत, नोटरी केलेली. मुलाचं नाव व पासपोर्ट क्रमांक, तारखा, शहर, सोबत कोण, वडिलांचा फोन आणि त्यांच्या पासपोर्टची प्रत. जन्मदाखल्याची इंग्रजी प्रतही सोबत असू द्या. लग्नानंतर तुमचं नाव पासपोर्टवर बदललेलं नसेल तर विवाह नोंदणी दाखलाही.

गर्दीत मूल हरवलं तर?
*(बाळे)*

रोज सकाळी खोलीतून निघताना त्या दिवसाच्या कपड्यांत मुलाचा पूर्ण फोटो काढा, बुटांसकट. पोलिसांना वर्णन सांगताना आई-वडिलांना शर्टाचा रंगही आठवत नाही, फोटो दाखवता येतो. मनगटाला पट्टी बांधा, तिच्यावर देशाच्या कोडसह तुमचा चालू फोन नंबर लिहा, मुलाचं नाव बाहेरच्या बाजूनं लिहू नका. अनोळखी माणसानं नावानं हाक मारली की मूल चटकन विश्वास ठेवतं.

मुलाला एकच गोष्ट घोकून घ्या: आई-बाबा दिसले नाहीत तर जिथं आहेस तिथंच उभं राहायचं, आम्ही येतो. मूल शोधत फिरलं आणि तुम्हीही फिरलात की अंतर वाढतच जातं. तुमच्यापैकी एकानं शेवटी एकत्र होतात त्या जागेवर थांबायचं आणि दुसऱ्यानं जवळच्या गणवेशातल्या कर्मचाऱ्याला सांगायचं. पाचेक मिनिटं स्वतः शोधून मग सांगू असं नको, लगेच सांगा, मॉल आणि उद्यानांत दारांवर सूचना देण्याची पद्धत ठरलेली असते.

मेट्रोत चढताना एक मोठं माणूस आधी, मग मुलं, मग दुसरं मोठं माणूस. उतरतानाही तसंच. तरी दार मिटून ताटातूट झालीच, तर फलाटावर राहिलेल्यानं तिथंच थांबायचं, आणि गाडीत गेलेल्यानं पुढच्या स्टेशनला उतरून उलटी गाडी पकडून यायचं. मूल एकटंच गाडीत गेलं असेल तर फलाटावरचं मदतीचं बटण दाबा, कर्मचारी पुढच्या स्टेशनला कळवतात. तिथं उतरून थांब, हे पाच वर्षांच्या मुलाला खेळात शिकवता येतं. सोलापूर स्टेशनच्या फलाटावर गाडी यायची वाट बघतानाच दोनदा करून दाखवा. पोलिसांचा क्रमांक सिंगापूर आणि दुबई दोन्हीकडे ९९९ आहे, थायलंडला पर्यटक पोलिसांचा ११५५. हे क्रमांक फोनमध्ये नाही, तर फोनच्या मागे चिकटवलेल्या कागदावर लिहा, म्हणजे आजीलाही सापडतील.